चौथं रीळ

शरणपूर रस्त्यावरच्या त्या हॉलात साठ खुर्च्या,
त्यातल्या बावीस मोडक्या.
काझीमामा प्रोजेक्टरला आधी फुंकर घालायचे, मग शिवी,
मग भिंतीवर इंग्लंड यायचं.
काळंपांढरं, एकमेकांना खेटून उभ्या विटांच्या घरांचं,
धुराडी आमच्या एकलहऱ्यासारखीच.

आम्हाला वाटायचं इंग्लंड म्हणजे राणी.
आणि इथे तर एक कारखान्यातला पोरगा
चहाच्या बशीत सिगारेट विझवतो,
बापाच्या डब्याकडे बघतो
आणि म्हणतो, नाही.
काय नाही, ते सांगत नाही.
निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं,
खाली अक्षरं नव्हती,
पण तेवढा एक शब्द सगळ्या हॉलला कळला.

माझा बाप तेव्हा नोटांच्या प्रेसमध्ये.
रोज सुटताना गेटवर हात वर,
खिसे, बगला, चपलांचे तळवे.
लाखो रुपये छापून माणूस
साडेपाचच्या बसला सुटे पैसे मोजायचा.

पडद्यावर त्या पोराची आई दारात येऊन
शेजारणीला म्हणाली, डूलॅली झालंय कार्टं.
मागून हेमांगी किंचाळली,
अगं बाई, देवळाली!
प्रोजेक्टर थांबवून धोंडगे सरांनी सांगितलं :
नोकरी संपलेले गोरे शिपाई
कॅम्पात बोटीची वाट बघत पडून राहायचे,
उन्हात, तापात, महिनोन् महिने,
काहींची डोकी फिरायची.
जाताना ते आपल्या गावाचं नाव घेऊन गेले
आणि तिकडे त्याचा अर्थ वेड असा झाला.
सगळे हसले. शांतवन हसला नाही,
त्याचं घर कॅम्पातच.
म्हणाला, म्हणजे वेडं व्हायचं तर
त्यांनाही इथंच यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात त्याने मामाच्या लॅम्ब्रेटाला
भद्रकालीच्या जुन्या बाजारातून आणलेले
अकरा आरसे लावले. तारेने, सुतळीने,
एक तर चक्क न्हाव्याच्या दुकानातला.
अकराही आरशांत मागचंच दिसायचं :
पांडवलेणीचा डोंगर, द्राक्षांचे मांडव, प्रेसची भिंत,
आणि मागच्या सीटवर मी,
अकरा वेळा घाबरलेला.
द्वारका नाक्यावर हवालदाराने बोट लावून मोजले.
एवढं मागं काय बघायचंय रे, म्हणाला.
आरशामागे दोन रुपये दंड.
आमच्याकडे नऊ होते.
शांतवनने पाच आरसे जागेवर काढून दिले,
उरलेल्यांचे पैसे नंतर देतो म्हणाला,
आणि हवालदार, का कोण जाणे, एका आरशात टोपी नीट करू लागला.

चौथं रीळ आलंच नाही.
पुण्यात अडकलं म्हणाले, की कुणी दुसऱ्याच डब्यात घातलं.
तिसरं संपलं तेव्हा तो पोरगा पुलावर होता,
हातात बॅग, खाली नदी की रूळ ते नीट दिसेना,
आणि मग नुसती पांढरी भिंत.
तिच्यावर एक पाल.
काझीमामांनी दिवा लावला.
पुढचं ज्याचं त्याने बघा, म्हणाले.

मी चौऱ्याऐंशीला प्रेसमध्ये लागलो.
शांतवनबद्दल तीन गोष्टी ऐकल्या.
एकीत तो मस्कतला आहे, एकीत भुसावळला.
तिसरी मी कुणाला सांगत नाही.
त्याचा न्हाव्याचा आरसा माझ्याकडे आहे,
पारा उडालाय,
दाढी करताना हनुवटी अंदाजाने.

रिटायर होऊन चार वर्षं झाली.
परवा नाशिकरोडला शिंप्याकडे गेलो,
दारातून आत पाऊल टाकलं आणि हात आपोआप वर गेले.
काका, म्हणाला तो, टेप तर काढू द्या.

काल रात्री शर्वरी फोन घेऊन आली.
बाबा, सापडला तुमचा तो सिनेमा,
अख्खा आहे, शेवटासकट.
एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या.
ती विटांची घरं. ती बशी. ती आई दारात.
या वेळी खाली अक्षरं होती, मी वाचली नाहीत.
पूल आला. पोराने बॅग खाली ठेवली.
थांब, म्हटलं, भाजी करपतेय,
आणि उठलो.
गॅस कधीच बंद होता.